गुळणी

१

घरी आली की ठकू आधी हात धुवायची, मग आईच्या खोलीत डोकावून "चहा टाकू?" असं विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता ओट्याकडे वळायची. आईने चहाला नाही म्हटल्याचं तिला उभ्या आयुष्यात आठवत नव्हतं. अंगात ताप असो, घरात भांडण असो, बाबा गेले तो दिवस असो, चहाला आईचा होकार ठरलेला. विसरण्याच्या आजारानेही तो अजून नेला नव्हता.

पन्नाशी उलटली तरी घरातली ठकू ठकूच राहिली होती. बाहेर तिचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे एकेक काच सरकवायची आणि "आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं?" असं विचारत राहायचं, हे तिचं दिवसभराचं काम. आई बरी होती तेव्हा म्हणायची, "तुझं बरं आहे ठके. दिसतं की नाही एवढंच विचारतेस. काय दिसतं ते ऐकून घ्यावं लागत नाही."

त्या संध्याकाळी आई खिडकीपाशी बसली होती. दिवसभर सोबतीला ठेवलेली मावशी नुकतीच गेली होती. समोरची वेताची खुर्ची रिकामी. ठकूने दारातून विचारलं, "चहा टाकू?"

आईने मान वळवली, पण ठकूकडे नाही. खुर्चीकडे बघून ती हलक्या आवाजात काहीतरी बोलली, तिच्या माहेरच्या भाषेत. मग मान जराशी कलती करून थांबली, ऐकताना थांबावं तशी. मग ठकूकडे वळली आणि स्वच्छ घरच्या भाषेत म्हणाली, "मी चहा घेत नाही."

"बरं," म्हणून ठकू वळली. तोच मागून पुन्हा आईचा आवाज आला, थोडा कोरडा, कामावरचा.

"दुभाषी घेईल."

ठकू ओट्याला टेकून हसत राहिली. आधण उकळून भांड्याच्या काठाशी आलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपले गाल ओले झालेत.

२

आई दुभाषी होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. सासूने हात धरून शिकवली, शेजारणींनी चेष्टा करून पक्की केली. पुढे तिच्या माहेरच्या मुलखातली माणसं पोटापाण्यासाठी इकडे येऊ लागली. त्यांच्या गाठी कोर्टाशी आणि इस्पितळाशी पडू लागल्या, तेव्हा दोन्ही भाषा जाणणारी ही एकच बाई आसपास होती. निवृत्त होईपर्यंत आई रोज दुसऱ्यांसाठी बोलली.

त्या कामाचा एक नियम होता. दुभाष्याने स्वतःचं असं काही म्हणायचं नाही. साक्षीदार म्हणाला "मी त्याला ढकललं," तर दुभाषीनेही "मी त्याला ढकललं" असंच म्हणायचं. डॉक्टर म्हणाले "मी तुमच्या मुलाला वाचवू शकलो नाही," तर तेही तसंच, त्यांच्याच तोंडचा "मी" ठेवून. बसायचं समोर नाही, बाजूला, अर्धं पाऊल मागे. आणि अगदीच स्वतःचं काही सांगायची वेळ आली, म्हणजे शब्द नीट ऐकू आला नाही किंवा पाणी हवं असलं, तर "मी" म्हणायची सोय नाही. मग म्हणायचं, "दुभाषी विनंती करते, की..."

घरी आली की आई उंबऱ्यातून सरळ मोरीवर जायची. तोंडात पाणी घ्यायची, बराच वेळ धरून ठेवायची, मग थुंकून टाकायची. त्याआधी नवऱ्याशी नाही की पोरांशी नाही, एक शब्द बोलायची नाही. दुसऱ्यांचे शब्द तोंडात राहतात म्हणे, ते घरात सांडायला नकोत. बाबा डोळे मिचकावून पोरांना सांगायचे, "आई गुळणी धरून बसलीय, तोवर काय मागायचं ते मागून घ्या. नाही म्हणता येणार नाही तिला."

माहेरची भाषा मात्र तिने पोरांना शिकवली नाही. अंगाईसुद्धा नाही. ठकूने लहानपणी एकदा हट्ट धरला, की शाळेतल्या मैत्रिणीची आई तिला दोन भाषांमध्ये रागावते, मग तूच का नाही? आई म्हणाली, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. माहेरच्या आजीबद्दल विचारलं तर हातातलं काम सोडून उठून जायची. म्हातारी तिकडेच वारली एवढंच पोरांना ठाऊक. ठकूच्या मनात ते शल्य कायम राहिलं. आईच्या आत एक खोली आहे आणि तिची किल्ली आपल्याला कधी दिलीच नाही, असं तिला वाटायचं.

३

बोलण्याच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं. दोन भाषांची माणसं समोरचा चेहरा बघून भाषा निवडतात, आपल्याला ती निवड कळतही नाही. या आजारात ती निवड सैल होते. मग नातवाशी माहेरच्या भाषेत बोलतात, डॉक्टरांशी घरातल्यासारखं बोलतात, एका वाक्यात दोन भाषांची खिचडी करतात. उशिरा शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, लहानपणची शेवटपर्यंत राहते. तुम्ही घाबरू नका, दुरुस्तही करू नका.

ठकूला हायसं वाटलं. नाव असलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते. परतताना तिने हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. दादा, तिचा मोठा भाऊ, दूरच्या शहरात होता आणि फोनवर नेहमी जरा जास्तच समंजस असायचा.

घरी आल्यावर आईकडे बघता बघता तिला जाणवलं, की आई तर कसलीच गल्लत करत नाही.

साबण आणि खवा यातला फरक आईला कळत नव्हता. कपाटाचं दार उघडून ती न्हाणीघर शोधायची. मावशीला कधी सासू समजायची, कधी जाऊ. पण भाषेचा गोंधळ एकदाही नाही. ठकूशी, मावशीशी, फोनवरच्या दादाशी घरची भाषा. माहेरची भाषा फक्त त्या खुर्चीशी. ठकू काही बोलली की ते आधी खुर्चीला सांगायचं, थांबायचं, मान कलती करायची, मग तिकडचं उत्तर इकडे आणायचं. बाकी सगळं आयुष्य उसवत चाललं होतं आणि एवढी एकच शिवण जशीच्या तशी होती.

मधलं थांबणंही सारखं नसायचं. छोट्या प्रश्नाला छोटं, मोठ्या प्रश्नाला मोठं. एकदा तर आई मध्येच गालात हसली आणि ते इकडे सांगण्याआधी तिने तोंडाला पदर लावला. कोर्टात कुणी वात्रट साक्षीदार काही बोलला की ती असंच करायची, असं बाबा सांगायचे.

वेताच्या खुर्चीचं एक असतं. माणूस उठून गेल्यावरही वेत थोडा वेळ करकरत राहतो, दाब सुटत जातो तसा. ठकूला हे माहीत होतं. ओट्यापाशी उभ्या उभ्या ती करकर ऐकायची आणि मनाशी म्हणायची, मावशी बसली असेल मघाशी. एक दिवस तिने मावशीला सहज विचारलं. मावशी म्हणाली, ती या खोलीत खाली सतरंजीवरच बसते. का, तर तिला नेमकं सांगता येईना. "वापरातली वाटते हो खुर्ची," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात आईने आपली खुर्ची सरकवून घेतली. आता ती वेताच्या खुर्चीसमोर नव्हती. बाजूला होती, अर्धं पाऊल मागे.

४

खुर्ची ठकूशी प्रेमाने बोलायची.

असं वाक्य ठकूने मनातसुद्धा जुळवलं नव्हतं. ती म्हणायची, आई हल्ली प्रेमाने बोलते. कारण शब्द आईच्याच तोंडून येत होते आणि आवाजही आईचाच होता. "मी तुला किती दिवसांनी बघतेय," आई म्हणायची. "मी तुझीच वाट बघत होते, मुली. तुझे हात माझ्यासारखे आहेत." हे आईने जन्मात कधी म्हटलं नव्हतं. तिची माया म्हणजे टोमणा, नाहीतर न सांगता शिवून टाकलेलं बटण. ठकू दुकानात काचा पुसता पुसता ती वाक्यं आठवायची आणि पुन्हा पुन्हा तोंडात घोळवायची.

आई तिला कधीही मुली म्हणत नसे, ठके म्हणे, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं. तिने ते बाजूला ठेवलं. उपाशी माणूस ताटात केस निघाला म्हणून ताट सारत नाही.

दिवसेंदिवस आईची घरची भाषा मात्र विरळ होत चालली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच. ठकूला धास्ती बसली, की एक दिवस हा धागा तुटेल, आई पलीकडच्या काठावर राहील आणि आपल्याला एक शब्द कळणार नाही. तेव्हा तिने ठरवलं, आपणच पलीकडे जायचं. फोनवर धडे मिळत होते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती कानाला लावून बसायची आणि ओठ हलवायची. दादा हसला. "आई होती तेव्हा पाटी कोरी, आणि आता पोपट होतेयस का?" म्हणाला. मग घाईने विषय बदलला. आई होती तेव्हा, असं आपण बोलून गेलो, हे त्याच्याही लक्षात आलं असावं.

भाषा अवघड होती. टाळूला जीभ लावून सुरू होणारे आणि नुसत्या श्वासात संपणारे शब्द. पण ठकूला ते लवकर बसू लागले. मुलगी. आई. पाणी. ये. बस. घर. तुझं. तिला वाटलं, रक्तात असणारच की.

५

रविवार होता. मावशी सुट्टीवर. खोलीत दुपारचं स्वच्छ ऊन आलं होतं आणि त्यात सगळं दिसत होतं, कोपऱ्यातली धूळसुद्धा. ठकूने आईचे केस विंचरले, चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि समोर उभी राहून, सकाळपासून घोकलेलं वाक्य आईच्या माहेरच्या भाषेत म्हणाली.

ये. बस. हे घर तुझं.

आईच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं तिला वाटलं होतं. चेहऱ्यावरचं होतं नव्हतं ते सगळं उतरलं. आईने आधी दाराकडे पाहिलं. मग दारापासून खुर्चीपर्यंत तिची नजर सावकाश सरकत आली, कुणी चालत येताना सरकावी तशी. वेत करकरला. तो सुटतानाचा आवाज नव्हता. ठकूला दोन्ही आवाज चांगले ठाऊक होते. हा दाबला जातानाचा होता.

ऊन तापलं की वेत बोलतो, ठकूने स्वतःला सांगितलं.

आईने हाताने खूण केली. पाणी. ठकूने पेला तिच्या ओठांना लावला. आईने घोट घेतला, पण गिळला नाही. तोंडात धरून ठेवला, बराच वेळ. मग भांड्यात थुंकून टाकला. घरी आल्यावरची गुळणी. कित्येक महिन्यांत आईने ती केली नव्हती. कामावरून परत आलीच नव्हती ती.

मग ती ताठ बसली आणि थेट ठकूकडे बघून बोलली. आवाज कोरडा आणि स्पष्ट होता.

"दुभाषी विनंती करते, की ठकूने यापुढे ही भाषा बोलू नये. शिकू नये. कुणी हाक मारली तर ओ देऊ नये."

ठकूने पेला खाली ठेवला. "आई, तूच बोलतेयस ना? मग इतके दिवस कोण..."

आईने ते खुर्चीला सांगितलं नाही. खुर्चीकडे पाहिलंच नाही.

"आतापर्यंत जे बोललं गेलं ते दुभाषीचं नव्हतं," ती म्हणाली. "दुभाषीला यापुढे हे काम करता येणार नाही."

आणि तिने ओठ मिटून घेतले.

६

त्यानंतर आई बोलली नाही. कुठल्याच भाषेत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचा टप्पा आहे, कधी कधी एकदम येतो. दादा म्हणाला, निदान त्रास तरी संपला. ठकू दोघांना हो म्हणाली. ती रोज बघत होती ते तिने कुणाला सांगितलं नाही. आईचे ओठ सैल पडलेले नव्हते. ती ते आवळून होती, झोपेतसुद्धा. कधी कधी गळ्याची शीर ताठ व्हायची, जबडा थरथरायचा, आतून कुणी दार ढकलत असावं आणि आईने पाठ लावून ते धरून ठेवलं असावं तसं. मग ती ओल्या कपाळाने उशीवर पडायची.

ठकूला धडे बंद करता आले. मोह बंद करता आला नाही. एका सकाळी पाय चेपता चेपता ती रडली, म्हणाली, "एकदाच बोल गं. शिवी दे. ठके म्हण. मला दुसरं काही नको." आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती, शंभर टक्के होती, हे ठकू कुठल्याही डॉक्टरला पैजेवर सांगेल. आईच्या ओठांचा कोपरा हललाही. पण तेवढ्यात वेत करकरला आणि ओठ पुन्हा घट्ट मिटले.

शेवटच्या दिवशी सकाळी श्वास बदलला. मावशी दादाला फोन लावायला बाहेर गेली. ठकू आईवर वाकली, तेव्हा आईने दोन्ही हात वर केले. इतके दिवस त्या हातांना चमचा पेलत नव्हता. तिने ठकूचं डोकं धरलं आणि तळव्यांनी तिचे दोन्ही कान झाकून टाकले. घट्ट, दुखेल इतके. जग एकदम बंद झालं. नुसती रक्ताची घुमघुम.

आईच्या डोळ्यांवर चष्मा होता. ठकूनेच बसवलेल्या काचा. त्यांत खिडकी दिसत होती आणि ठकूचं वाकलेलं डोकं. आणि त्याला लागून आणखी एक.

काचेला दोन अंगं असतात. पुढच्या अंगावर एक आणि मागच्या अंगावर एक, अशी एकाच वस्तूची दोन प्रतिबिंबं पडतात. रात्री दिवे दुहेरी दिसतात म्हणून तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांना ठकू हेच सांगते. दुसरं प्रतिबिंब जरा फिकं असतं. हेही फिकं होतं. पण एकाच वस्तूची दोन प्रतिबिंबं एकाच दिशेला बघतात. काचेतली ठकू आईकडे बघत होती. ते दुसरं बघत होतं ठकूकडे. बाजूने, अगदी जवळून, आईचा तळवा होता तिथे तोंड टेकवून. आणि तोंड हलत होतं.

ठकूने डोळे मिटून घेतले. कान झाकलेले असताना मागे वळायची तिची छाती झाली नाही. ते हात गार पडेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. गार पडल्यावरही ते सुटले नाहीत. मावशीने येऊन एकेक बोट सोडवलं.

७

दादा आला, सगळं पार पडलं, दादा गेला. निघताना त्याने विचारलं, आई शेवटी काही बोलली का? ठकू नाही म्हणाली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, तिला वाईट वाटतंय ते एवढ्याचंच.

वेताची खुर्ची तिने भंगारवाल्याला दिली. त्याने काही फरक पडला नाही. आवाज खुर्चीतून येत नव्हता, खुर्चीच्या जागेतून येत होता. रात्री वगैरे नाही. चांगल्या टळटळीत उजेडात, ती भाजी निवडत असताना किंवा कपड्यांच्या घड्या घालत असताना. हलका, वयस्क, बाईमाणसाचा. एक वाक्य, मग थांबणं. भाषांतराला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा तेच वाक्य.

सुरुवातीला तिला काही कळत नव्हतं आणि तेच तिचं कुंपण होतं. आईने पन्नासहून अधिक वर्षं राखलेलं. आपल्याला अंगाईसुद्धा का मिळाली नाही, ते तिला आता समजलं, आणि लहानपणापासून जपलेलं ते शल्य तिने एका दुपारी ओट्याशी उभं राहून मुकाट्याने उपटून टाकलं. आई, माफ कर, असंही ती मनातच म्हणाली. तोंडाने नाही.

पण शिकलेलं विसरायचे धडे कुठे मिळत नाहीत. मुली, एवढं तिला आधीच कळत होतं. मग आई कळलं. मग तुझी. बाकीचे शब्द तिने कधी शिकलेच नव्हते, तरी एकेक करून ते उजळत गेले. दुकानात ती गिऱ्हाइकापुढे काचा बदलत जाते आणि धूसर अक्षरं एकदम ठळक होतात, तसे. आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं? आधी. आधीच बरं होतं.

आज वाक्य पुरतं लागलं.

मुली, तुझी आई इथे बसली आहे. ती तुझ्याशी बोलते आहे, पण ते तुला ऐकू येत नाही. मी सांगू?

ठकू मोरीवर गेली. तिने तोंड भरून पाणी घेतलं आणि परत येऊन आईच्या पलंगाच्या कडेला बसली. गाल फुगलेले, डोळे वाहणारे. समोर फरशीवर वेताच्या खुर्चीच्या पायांचे चार फिकट डाग होते. नुसतं हो म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द, आणि आई ठके म्हणाली असती. किंवा कुणीतरी म्हणालं असतं.

आवाज थांबला होता, मान कलती करून उत्तराची वाट बघावी तसा. पाणी तोंडात कोमट झालं. ठकूने ते गिळलं नाही, थुंकलंही नाही. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं, त्या चार डागांवरून पुढे सरकलं, आणि ती गुळणी धरून बसून राहिली.